चेंडू नसलेली छत्तीस मिनिटं

बास्केटबॉलचा पंच व्हायचं तर नेमकं काय करावं लागतं, हे मी अर्ज करण्याआधी बरंच शोधलं. नियमपुस्तक सहज मिळतं. पण चाळिशीला टेकलेल्या, पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या, शाळा संपल्यावर कोर्टवर फारसं पाऊलही न ठेवलेल्या माणसाला हे सगळं झेपतं का, यावर कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. २०२५ च्या मार्चमध्ये माझी पंच म्हणून नोंदणी झाली. सगळं डोक्यात ताजं आहे तोवर क्रमाने लिहून ठेवते. नियम आणि अर्जाच्या पद्धती संघटनेगणिक थोड्या बदलतात, तेवढं ध्यानात धरून वाचा.

आधी थोडं मागचं, कारण ते नसतं तर मी या वाटेला गेलेच नसते. दहाव्या वर्षी मला बास्केटबॉलचं वेड लागलं. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते आणि ती कुणासाठी खाली येत नाही. मी मात्र संघात सगळ्यात बुटकी. सामन्यात बहुतेक वेळ बाकावर, आणि आत गेले तरी चेंडू माझ्याकडे क्वचितच यायचा. एकदा मी कुरकुर केली तेव्हा सरांनी जमिनीवर खडूने गणित मांडलं. चाळीस मिनिटांचा सामना, दहा खेळाडू, चेंडू एक. अगदी समान वाटणी झाली तरी प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटं, आणि चेंडू हवेत असतो तो वेळ वजा केला तर तेवढीही नाहीत. "उरलेल्या छत्तीस मिनिटांत तू काय करतेस, त्यावर मी तुला आत घेणार," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी स्क्रीन लावायला, म्हणजे सहकाऱ्याला मोकळं करण्यासाठी बचावपटूच्या वाटेत उभं राहायला शिकले, रिबाउंडच्या वेळी, म्हणजे हुकलेला चेंडू परत येतो तेव्हा, समोरच्या खेळाडूला पाठीवर अडवून धरायला शिकले, आणि कोण कुठे मोकळं आहे ते ओरडून सांगायला शिकले. स्कोअरशीटवर यातलं काहीच दिसत नाही.

पुढे नोकरीत मी प्रकल्प समन्वयाचं काम धरलं. आता वाटतं, ती निवड त्या खडूच्या गणितातूनच आली असावी. माझ्या कामात चेंडू कायम दुसऱ्याच्या हातात असतो. रचना करणारे रचना करतात, विकणारे विकतात, आणि त्यांना मोकळी जागा मिळेल असं उभं राहणं हे माझं काम. स्क्रीन लावताना पाय रोवून स्थिर राहावं लागतं. सहकाऱ्याला मदत करायच्या भरात तुम्ही सरकलात आणि धक्का लागला की फाऊल तुमच्यावर. मदत करण्यालाही नियम असतो, ही गोष्ट ऑफिसात शिकायला लोकांना फार वर्षं लागतात. मला ती शाळेतच कळली होती.

२०२४ च्या जूनमध्ये भाचीच्या शालेय सामन्याला गेले होते. टेबलावर बसायला माणूस कमी पडला आणि कुणीतरी विचारलं, "तुम्हाला स्कोअर लिहिता येतो का?" येत होता, थोडाफार. सामना संपल्यावर तिथल्या पंचांना विचारलं की यासाठी रीतसर काय करावं लागतं. त्यांनी स्थानिक संघटनेचा नंबर दिला आणि एक सल्लाही: "संध्याकाळी सातनंतर फोन करा. तिथे सगळे नोकरी सांभाळून काम करणारे आहेत." तेच तुम्हालाही सांगते. दुपारी केलेले माझे फोन कुणीच उचलले नाहीत.

अर्ज दोन पानी होता. जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, फोटो, वैद्यकीय दाखला, आणि लहान मुलांच्या सामन्यांत काम करावं लागणार म्हणून वर्तणुकीचं हमीपत्र. शिवाय शुल्क. इथे दोन गोष्टी सांभाळा. वैद्यकीय दाखला ठरावीक मुदतीतलाच चालतो, त्यामुळे प्रशिक्षणाची तारीख हातात आल्याशिवाय तो काढू नका. आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव व आत्ताच्या ओळखपत्रावरचं नाव वेगळं असेल, तर नावबदलाचा कागद सुरुवातीलाच जोडा. लग्नानंतर नाव बदललेल्या दोघींचे अर्ज माझ्या डोळ्यांदेखत परत गेले.

मग जुलैभर काहीच नाही. पोच नाही, नकार नाही. सगळ्यात जास्त धीर खचला तो या महिन्यात, कारण आपण उगाच कशात पडतोय हा विचार करायला भरपूर वेळ मिळाला. त्या काळात मी नियम वाचायला घेतले. ते कादंबरीसारखे पहिल्या पानापासून वाचू नका, झोप येते. आधी कलम २४ ते ३१ वाचा. ड्रिबल (चेंडू आपटत नेणं), ट्रॅव्हलिंग (चेंडू धरून नियमाबाहेर पावलं टाकणं), तीन, पाच, आठ आणि चोवीस सेकंदांचे नियम, चेंडू मागच्या कोर्टात नेणं, बास्केटवर पडत असलेला चेंडू अडवणं, हे सगळं त्यात येतं. मग कलम ३३, म्हणजे खेळाडूंच्या एकमेकांना होणाऱ्या स्पर्शाची तत्त्वं. परीक्षेतला आणि मैदानातला सगळ्यात कठीण भाग तोच आहे.

ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारचं प्रशिक्षण सुरू झालं. वर्गात बहुतेक मुलं विशीच्या आतबाहेरची, कॉलेजच्या संघांत खेळणारी. पहिल्याच दिवशी मला 'ताई' केलं आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायला दिल्या. बाटल्या सांभाळल्या, त्या निमित्ताने सगळ्यांची नावं पाठ झाली.

लहानपणापासून खेळलेल्यांना या वर्गात एक वेगळीच अडचण येते. आपण गल्लीत, शाळेत जे 'नियम' शिकलेले असतो, त्यातले निम्मे नियमच नसतात. चेंडू पायाला लागला की शिट्टी, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात मुद्दाम पाय मारला किंवा पायाने अडवला तरच उल्लंघन. नकळत लागला तर खेळ चालू. चेंडू धरून पडलेला खेळाडू जमिनीवर घसरत गेला तर ते ट्रॅव्हलिंग नाही. तो चेंडू धरून लोळला किंवा उठायला गेला, तर मात्र आहे. स्वतः मारलेला चेंडू रिंगला, बोर्डाला कशालाच न लागता खाली आला आणि मारणाऱ्यानेच परत पकडला, तर तो शॉट खरोखरचा होता एवढंच पंचाने पाहायचं. बाकी सगळं वैध. हे ऐकून वर्गात चांगलाच वाद झाला. एक मुलगा म्हणाला, "मग इतकी वर्षं मला जे पकडलं ते?" प्रशिक्षक सर नुसते हसले.

पण खरा धक्का दुसऱ्या आठवड्यात बसला. दोन पंचांच्या पद्धतीत एक बेसलाइनकडे, म्हणजे रिंगमागच्या रेषेकडे असतो, त्याला लीड म्हणतात. दुसरा खेळाच्या मागून येतो, तो ट्रेल. अर्धं कोर्ट सहा चौकोनांत मनातल्या मनात विभागायचं आणि चेंडू कुठल्या चौकोनात आहे त्यावरून कुणी काय बघायचं ते ठरतं. चेंडू तुमच्या भागात नसेल, तर तुम्ही चेंडूकडे बघायचंच नाही. सरांनी एका सामन्याचं चित्रण लावलं, शॉट पडला तिथे थांबवलं आणि विचारलं, "शॉट कुणी मारला ते सगळ्यांना दिसलं. आता सांगा, त्या वेळी रिंगखाली पांढऱ्या संघाच्या सेंटरने काय केलं?" वर्गात चिडीचूप. चित्रण मागे नेलं, तर त्याने समोरच्याचा शर्ट धरून ठेवला होता.

डोळे आपोआप चेंडूमागे धावतात. ते तोडायला मला बाकी सगळ्या प्रशिक्षणाहून जास्त वेळ लागला. घरी सामने बघताना मी एकाच खेळाडूवर नजर धरून बसायचे, चेंडू त्याच्याकडे असो वा नसो. एकाकडे नीट बघितलं की पूर्ण सामनाच वेगळा दिसतो: कोण थकलंय, कोण चिडलंय, कोण पासची वाट बघून बघून आता धावायचं सोडून देतंय. ऑफिसच्या बैठकीतही मी हे करून पाहिलं. बोलणाऱ्याकडे सगळेच बघतात. जो बोलत नाही त्याच्याकडे बघितलं तर काम कुठे अडणार आहे ते बरंच आधी समजतं. त्या शरदात एका प्रकल्पाची मुदत हुकणार हे मला एका अबोल सहकाऱ्याच्या वहीवरून कळलं. तो तीन बैठका वहीत एकही ओळ लिहीत नव्हता.

सप्टेंबर टेबलावर गेला. हे काम लोक हलकं समजतात. मी म्हणेन, पंच व्हायचं नसेल तरी हे एकदा कराच. स्कोअरर, त्याचा मदतनीस, सामन्याचं घड्याळ सांभाळणारा आणि शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला किती सेकंद उरले ते दाखवणारं घड्याळ, चालवणारा असे चौघे तिथे असतात. स्कोअरशीट पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल शाईने आणि दुसऱ्या-चौथ्याला निळ्या किंवा काळ्या शाईने भरायची, म्हणून दोन्ही रंगांची जास्तीची पेनं खिशात ठेवा. पहिल्या हाफमध्ये प्रत्येक संघाला दोन टाइमआऊट, दुसऱ्यात तीन, आणि त्यातही चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत दोनच. क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल झाले की पुढच्या बचावातल्या फाऊलला दोन फ्री थ्रो. हे सगळं प्रशिक्षकाच्या, म्हणजे कोचच्या, आरडाओरड्यात लिहायचं.

सगळ्यात जास्त घाम शॉट क्लॉकवर फुटतो. चेंडू रिंगला लागून हल्ला करणाऱ्याच संघाकडे परत आला तर घड्याळ १४ वर आणायचं, दुसऱ्या संघाकडे गेला तर २४ वर, आणि निर्णय घ्यायला अर्धा क्षण. हे घड्याळ का आलं, त्याची गोष्ट सरांनी तेव्हा सांगितली. २२ नोव्हेंबर १९५० रोजी अमेरिकेत एनबीए या व्यावसायिक लीगचा एक सामना १९-१८ असा संपला, कारण फोर्ट वेनच्या संघाने चेंडू नुसता धरून ठेवला. प्रेक्षक कंटाळून जायला लागले, तेव्हा सिराक्यूस संघाचे मालक डॅनी बायसोन यांनी हिशेब केला: चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० शॉट मारतात; एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंद; भागिले १२०, म्हणजे २४. १९५४ पासून ते लागू झालं. आंतरराष्ट्रीय खेळात बराच काळ ३० सेकंद होते, २४ झाले ते २००० साली. मला यात गंमत वाटते ती ही, की तो आकडा कुठल्या थोर सिद्धांतातून आलेला नाही. जे चांगलं चाललं होतं ते मोजलं आणि तेवढाच वेळ दिला. कामाच्या मुदती ठरवताना मी आता हेच करते. मागची चांगली झालेली कामं काढून बघते, त्यांना किती दिवस लागले होते ते. वरिष्ठांना हवा असलेला आकडा आणि हा आकडा क्वचितच जुळतो, पण निदान बोलायला आधार मिळतो.

ऑक्टोबरची एक सूचना ठळक अक्षरात लिहून ठेवा. फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, बदललेले नियम १ ऑक्टोबरपासून लागू होतात. आमचं प्रशिक्षण ऑगस्टमध्ये झालं, परीक्षा नोव्हेंबरमध्ये; मधल्या काळात २०२४ ची नवी आवृत्ती आली. कुणाच्या जुन्या टिपणांवर अभ्यास करू नका. परीक्षा कुठल्या आवृत्तीवर आहे, ते लेखी विचारून घ्या.

नोव्हेंबरमध्ये एकाच दिवशी धावण्याची चाचणी आणि लेखी परीक्षा. धावण्याची मला रात्रंदिवस धास्ती होती. वीस मीटरवर दोन रेषा, बीप वाजायच्या आत पलीकडे पोचायचं, आणि दर मिनिटाला बीप जवळ जवळ येत जातात. फिबाच्या आंतरराष्ट्रीय पंचांसाठी पुरुषांना ८६ आणि महिलांना ६६ फेऱ्या असं मानक अनेक वर्षं होतं. स्थानिक पातळीवर आमच्यासाठी ते बरंच कमी होतं. तरी मी जुलैपासून आठवड्यातून तीनदा पळत होते. दम वाचतो तो वळताना: रेषेला एक पाय लावून लगेच फिरा, पुढे झुकून दोन पावलं वाया घालवू नका. सुरुवातीच्या फेऱ्यांत सगळी पोरं बीपच्या आधीच पलीकडे जाऊन उभी राहत होती. मी अगदी बीपबरोबर पोचायचे. शेवटी त्यांच्यातले काही बाहेर पडले आणि मी अजून धावत होते, याचं मला स्वतःलाच नवल वाटलं.

लेखी परीक्षेत प्रसंग देऊन 'निर्णय काय आणि का' असं विचारतात. 'का' लिहिताना नियमाचे शब्द वापरा. मोघम उत्तराला अर्धेच गुण. निकाल आठवड्याभरात लागेल म्हणाले होते, लागला जानेवारीत.

त्या मधल्या काळात मी हातांच्या खुणांचा सराव करत होते, आणि या सगळ्या प्रक्रियेतून कामाच्या ठिकाणी सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट इथेच हाती लागली. पंच फाऊल देतो तेव्हा शिट्टी, मूठ वर, घड्याळ थांबतं. मग टेबलाला स्पष्ट दिसेल अशा जागी जाऊन, थांबून, तीन गोष्टी सांगायच्या: खेळाडूचा नंबर, फाऊलचा प्रकार, पुढे काय. नंबर सांगायचीही रीत आहे. १६ पासून पुढे आधी दशकाचा आकडा हाताची पाठ दाखवून, मग एककाचा तळवे दाखवून. सिग्नलला थांबले की मी पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवरचे आकडे हातांनी दाखवायचे. शेजारच्या गाडीतल्यांनी काय समज करून घेतला असेल कोण जाणे. पण नंबर, प्रकार, पुढे काय, बस्स. "त्याने किती वाईट ढकललं बघा" असं पंच म्हणत नाही. विशेषणं नाहीत, हेतूची चर्चा नाही, आधीचा हिशेब नाही.

ऑफिसात एखादी गडबड झाली की माझे मेल लांबलचक असायचे. कोण काय म्हणालं होतं, मी आधीच कसं सुचवलं होतं, वगैरे. जानेवारीपासून तीन ओळी लिहायला लागले. कुठलं काम, काय झालं, आता पुढे काय. उत्तरं भराभर यायला लागली, आणि मुख्य म्हणजे लोक बचावाच्या पवित्र्यात येईनासे झाले. बारा वर्षांत ज्या गोष्टीवर मी दोन कार्यशाळा केल्या, ती शेवटी टेबलासमोर उभं राहून समजली.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक. चौदा वर्षांखालील मुलींचे सामने, माझ्यासोबत एक अनुभवी पंच आणि कडेला टिपणं घेणाऱ्या निरीक्षक मॅडम. पालकांची तयारी ठेवा. टीव्हीवर एनबीए बघणारे पालक बचाव करणाऱ्या मुलीकडे बोट दाखवून "तीन सेकंद! तीन सेकंद!" म्हणून ओरडतात. रिंगजवळच्या आखलेल्या भागात तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही, हा नियम बचावपटूसाठी एनबीएत आहे, फिबात नाही. समजावत बसायचं नाही, खेळ चालू द्यायचा.

मध्यंतरात मॅडमनी जवळ बोलावलं. "प्रत्येक धक्का फाऊल नसतो. तुम्ही शिट्टी वाजवायच्या आधी स्वतःला विचारा, या स्पर्शाने कुणाचं काही गेलं का?" चेंडू मिळवायला दोघी सारख्याच हक्काने धावल्या आणि आपटल्या, तर तो खेळाचा भाग. एकीची चाल त्यामुळे अडली, तर फाऊल. दुसऱ्या हाफमध्ये माझी शिट्टी कमी वाजली आणि सामना चांगला झाला. टीममध्ये दोघांची खडाजंगी झाली की मी आता लगेच मध्ये पडत नाही. कुणाचं काम अडलंय का तेवढं बघते. बहुतेकदा अडलेलं नसतं.

खर्चाचं म्हणाल तर अर्ज, प्रशिक्षण आणि परीक्षा यांचं शुल्क एकीकडे, आणि निम्म्याहून जास्त वाटा एकट्या बुटांचा. त्यात काटकसर करू नका, गुडघे आपले असतात. काळी पँट आणि पंचाचा शर्ट नोंदणी होईपर्यंत उसना मिळतो, विचारा. शिट्टी मात्र स्वतःची घ्या, आणि दाणा नसलेली. रॉन फॉक्सक्रॉफ्ट या कॅनडाच्या बास्केटबॉल पंचाने तसली शिट्टी १९८७ मध्ये आणली, कारण आत दाणा असलेली शिट्टी ऐन वेळी अडकते, हे त्याने सामन्यात भोगलं होतं. दोन घ्या, एक पिशवीत.

मार्चमध्ये पत्र आलं, सर्वांत खालच्या श्रेणीचं. वर्षभरात ठरावीक सामने केले आणि पुन्हा धावण्याची चाचणी दिली तरच ते पुढे चालू राहतं, त्यामुळे पळणं सुटलेलं नाही. केलेल्या प्रत्येक सामन्याची तारीख, गट आणि सोबतच्या पंचाची सही एका वहीत घेऊन ठेवते, कारण नूतनीकरणाला तेच मागतात. सही त्याच दिवशी घ्या, नंतर माणूस सापडत नाही. तुम्हाला यायचं असेल तर अर्ज हंगाम सुरू व्हायच्या दोन-तीन महिने आधी घेतात. थेट पंचाचा अर्ज करायची भीती वाटत असेल, तर टेबलाचं काम मागा. तिथे माणसं नेहमीच कमी असतात, आणि वय कुणी विचारत नाही.